खिशातला एफएम आणि दहा मीटरांची तूट

एफएम केंद्र कुठवर ऐकू जाईल हे ठरवताना अभियंते एक गोष्ट गृहीत धरतात. श्रोत्याचा अँटेना जमिनीपासून १० मीटर उंच, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवर उभा आहे, असे मानूनच सारे गणित मांडले जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतले आकडे या उंचीवरचे आहेत. मीटरला एक मायक्रोव्होल्ट हे मूळ माप धरले, तर स्टिरिओ नीट ऐकू येण्यासाठी ग्रामीण भागात ५४ डेसिबल, शहरात ६६ आणि महानगरात ७४ इतकी लहरींची तीव्रता लागते. मोनोसाठी हेच आकडे ४८, ६० आणि ७० असे आहेत. जबलपुरात राइट टाउनच्या एखाद्या इमारतीत, रांझीच्या वसाहतीत किंवा खमरियाच्या क्वार्टरमध्ये एफएम ऐकणाऱ्याकडे गच्चीवरचा अँटेना नसतो. त्याच्याकडे मोबाइल किंवा छोटा म्युझिक प्लेअर असतो, तो खिशात नाहीतर उशाशी असतो, आणि अँटेना म्हणून त्याला इअरफोनची तार तेवढी जोडलेली असते. स्टेशन नीट लागत नाही, खरखर येते, कूस बदलली की आवाज जातो, या तक्रारींचे मूळ बहुधा या तफावतीत असते. दोष यंत्राच्या दर्जाला किंवा केंद्राच्या कमी शक्तीला दिला जातो. हिशोब मांडला तर उत्तर दुसरीकडे निघते आणि ते बरेचसे श्रोत्याच्या हातात असते, असे माझे म्हणणे आहे.

हा हिशोब मांडून पाहू. डेसिबल हे गुणाकाराचे माप आहे. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती, दहा म्हणजे दसपट आणि वीस म्हणजे शंभरपट. गच्चीच्या उंचीवरून दीड मीटरवर, माणसाच्या छातीपर्यंत खाली आलो की वस्तीच्या भागात सुमारे दहा डेसिबल जातात. भिंतींच्या आत शिरताना एफएमच्या पट्ट्यात साधारण नऊ डेसिबल जातात असे नियोजनात धरतात. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, पत्र्याचे छप्पर किंवा तळमजल्यावरची आतली खोली असेल तर नुकसान याहून जास्त. आता गच्चीवर शहरी स्टिरिओला पुरेशी, म्हणजे ६६ डेसिबलची तीव्रता आहे असे समजा. घरात येईपर्यंत ४७ उरतात. इअरफोनची लोंबती तार गच्चीवरच्या व्यवस्थित अँटेनापेक्षा दहाएक डेसिबलने कमकुवत धरली, तर यंत्रापर्यंत जे पोचते ते ३७ च्या तोडीचे असते. विद्युत गोंगाट अजिबात नसेल तेव्हाची किमान मर्यादा याच शिफारशीत दिलेली आहे: मोनोला ३४ आणि स्टिरिओला ४८. म्हणजे नियमाप्रमाणे चाललेल्या केंद्राच्या हद्दीत, सर्व काही ठीक असतानाही, घरातल्या खिशातल्या रेडिओला मोनो जेमतेम मिळतो आणि स्टिरिओ मिळत नाही. आकडे घरागणिक बदलतील, पण तूट तीस डेसिबलच्या घरात, म्हणजे हजारपटीची राहते. केंद्राने शक्ती दहा किलोवॅटवरून वीस केली तर यातले फक्त तीन डेसिबल भरून निघतात. आतल्या खोलीतून खिडकीशी येऊन बसणे त्याहून कितीतरी मोलाचे आहे.

इथे कोणी म्हणेल की हजारपटीच्या तुटीत तीन-चार डेसिबलच्या किरकोळ युक्त्यांनी काय साधणार? एफएमचा स्वभाव पाहिला की या शंकेचे उत्तर मिळते. एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळवले ते विजेच्या कडकडाटावर मात करण्यासाठी. ध्वनी लहरीच्या उंचीत न साठवता तिच्या वारंवारतेच्या बदलात साठवायचा आणि ग्राहकयंत्रात लहरीची उंची छाटून टाकायची, म्हणजे उंचीवर चढलेला गोंगाट गळून पडतो. मात्र हा फायदा एका उंबरठ्याच्या वरच मिळतो. संकेत गोंगाटापेक्षा दहा-बारा डेसिबलने वरचढ असेल तोवर आवाज स्वच्छ राहतो, आणि त्याखाली घसरताच टकटक, कडकड, फसफस सुरू होऊन कार्यक्रम कोसळतो. मध्यम लहरींचा आवाज हळूहळू क्षीण होतो, एफएमचा थोड्याच अंतरात मोडतो. म्हणून उंबरठ्याच्या आसपास असलेल्या घरात तीन डेसिबलची भर ऐकण्याजोगे आणि न ऐकण्याजोगे यांतला फरक ठरते. जबलपूरच्या मध्यवस्तीत या बारीक गोष्टींची फारशी गरज पडणार नाही; सिहोरा, पाटण, बरगीच्या बाजूला पडेल, आणि शहरातल्याही जाड भिंतींच्या जुन्या घरांत पडेल.

पहिला विचार तारेचा. या पट्ट्यातल्या लहरीची लांबी काढणे सोपे आहे: तीनशेला मेगाहर्ट्झने भागायचे, मीटर मिळतात. ९८.३ वरच्या रेडिओ मिर्चीची लहर ३.०५ मीटरची, ९४.३ वरच्या माय एफएमची ३.१८ मीटरची. उभ्या तारेने काम चांगले करावे यासाठी तिची लांबी लहरीच्या पाव भागाइतकी हवी, म्हणजे ७६ ते ८० सेंटीमीटर. इअरफोनची तार मीटर-सव्वा मीटरची असते, तेव्हा लांबीचा प्रश्न नसतो. प्रश्न ती कशी ठेवली आहे याचा असतो. यंत्राच्या आत जॅकच्या एका टोकाला लहान गुंडाळ्या बसवलेल्या असतात. त्या ध्वनीला वाट देतात आणि रेडिओलहर अडवून तिला रेडिओच्या चिपकडे वळवतात. म्हणून एकच तार गाणेही वाहते आणि स्टेशनही पकडते. हीच तार मोबाइलभोवती गुंडाळून खिशात कोंबली की तिचा अँटेना उरत नाही, उलट यंत्राच्या पडद्याचा आणि प्रोसेसरचा गोंगाट ती जवळून गोळा करते. ती मोकळी सोडून सरळ लोंबू द्यावी, यंत्रापासून दूर न्यावी, शक्य असेल तर पडद्याच्या दांडीवर किंवा खिडकीच्या चौकटीवर उभी टेकवावी. आडवी चांगली की उभी, हे केंद्राच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात आणि खोलीत त्या कशा परावर्तित होतात यावर ठरते, म्हणून दोन्ही करून पाहणे हाच नियम. पाव लहरीच्या तारेला दुसऱ्या बाजूने आधार लागतो, तो आधार यंत्राचे धातूचे अंग आणि धरणाऱ्याचा हात देतात. यंत्र हातात घेतल्यावर आवाज सुधारतो आणि मेजावर ठेवल्यावर बिघडतो, याचे कारण हेच.

ब्लूटूथ इअरफोन वापरणाऱ्याला तारेचा इअरफोन निव्वळ अँटेना म्हणून लावता येतो. बऱ्याच यंत्रांत रेडिओच्या पडद्यावर आवाज स्पीकरवर वळवण्याची सोय असते. एक जुना, एका कानाचा बंद पडलेला इअरफोनही यासाठी पुरतो, आणि तो फेकून देण्याऐवजी जपून ठेवावा. जॅकला नुसती तार जोडलेली पिन घरी बनवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण चार कप्प्यांच्या पिनमध्ये जमिनीची जोडणी कोणत्या कप्प्यात असते हे यंत्रागणिक वेगळे असते, म्हणून अख्खा इअरफोन लावणे जास्त सुरक्षित. एखाद्याला खिडकीबाहेरच्या उंचीचा फायदा घ्यायचा असेल तर दुसरी लांब तार इअरफोनच्या तारेभोवती चार-पाच वेढे देऊन पुढे खिडकीपर्यंत नेता येते. दोन तारा एकमेकींना न चिकटताही लहर एकीतून दुसरीत उतरते. ‘वायरलेस एफएम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या मोबाइलमध्ये तार आतच दडवलेली असते. ती काही सेंटीमीटरांची असणार हे पेटीच्या आकारावरूनच उघड आहे, आणि तीन मीटरच्या लहरीपुढे ती फार तोकडी पडते. केंद्राजवळच्या वस्तीत ही सोय खरी सोय आहे. गावाबाहेर अशा मोबाइललाही इअरफोन लावून पाहावा.

आता जागेचा विचार, आणि इथे जबलपूरची जमीन बोलते. मदनमहलच्या टेकड्या, एकमेकांवर तोललेले ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे, त्यांच्या पायथ्याशी गढ्याची वस्ती, दक्षिणेला नर्मदेचे पात्र आणि बरगीकडचे डोंगर, पश्चिमेला भेडाघाटची संगमरवरी घळ, असा हा उंचसखल प्रदेश आहे. तीन मीटरची लहर टेकडीला फारसा वळसा घालत नाही. टेकडीमागे सावली पडते, आणि त्याच वेळी समोरच्या कड्यावरून किंवा उंच इमारतीवरून परावर्तित झालेली लहर उशिराने येऊन थेट लहरीत मिसळते. दोन्ही जिथे एकमेकींना पूरक ठरतात तिथे आवाज भरदार, जिथे एकमेकींना मारतात तिथे जवळपास शून्य. समोरासमोरून येणाऱ्या लहरींत अशा दोन शून्य जागांमधले अंतर अर्ध्या लहरीचे, म्हणजे दीड मीटरचे असते. शून्यापासून शिखरापर्यंत पाऊण मीटर. खुर्ची एक हात सरकवली की स्टेशन साफ होते हा अनेकांचा अनुभव या गणितातून आलेला आहे. म्हणून खोलीत एफएमची जागा शोधताना कोपऱ्याकोपऱ्यात धावण्याची गरज नाही. खिडकीच्या दोन-अडीच मीटरच्या पट्ट्यात यंत्र हळूहळू सरकवले की चांगली जागा सापडते आणि ती त्या स्टेशनपुरती बरीचशी कायम राहते. तळमजल्यावरून गच्चीवर गेलो तर दृष्टिरेषेचे अंतर थोडेच वाढते, शंभर मीटरच्या मनोऱ्यासाठी सुमारे ४७ किलोमीटरवरून ५४ च्या आसपास. तीव्रता मात्र उंचीच्या प्रमाणात वाढते, उंची दुप्पट झाली की साधारण सहा डेसिबल. उंचीचा खरा लाभ तो आहे. दिशेचाही एक दिलासा आहे. खासगी एफएम केंद्रांनी शक्यतो एकाच सामायिक मनोऱ्यावरून प्रसारण करावे असे केंद्र सरकारचे धोरण आहे. असा मनोरा जिथे आहे तिथे एका केंद्रासाठी सापडलेली खिडकी इतर केंद्रांनाही बहुधा चालते.

गोंगाटाचा भाग याहून दुर्लक्षित आहे. श्रोता केंद्राची शक्ती मोजतो, घरातला गोंगाट मोजत नाही, आणि रेडिओला दोहोंतला फरक ऐकू येतो. गेल्या काही वर्षांत घराघरात स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि वायफायचे डबे आले. या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून वापरली जाते, आणि गाळणीचा भाग वाचवलेल्या निकृष्ट उपकरणांतून त्या तोडजोडीचे अवशेष थेट एफएमच्या पट्ट्यापर्यंत पसरतात. मोबाइल चार्जिंगला लावून रेडिओ ऐकणे ही सर्वांत वाईट स्थिती, कारण मग चार्जरची तारही अँटेनाचा भाग बनते आणि गोंगाट सरळ आत आणते. तपासणी सोपी आहे: चार्जर काढा, घरातला मुख्य स्विच दोन मिनिटे बंद करा आणि बॅटरीवर स्टेशन ऐका. खरखर गेली तर दोषी घरातच आहे, मग एकेक दिवा लावून तो शोधता येतो. गेली नाही तर बाहेरच्या विजेच्या खांबाकडे पाहावे. सैल जोडणी किंवा तडकलेला इन्सुलेटर असेल तर तिथे बारीक ठिणग्या पडत राहतात. अशा ठिणग्यांचा गोंगाट कोरड्या दिवसांत जास्त असतो आणि पाऊस पडल्यावर बराचसा थांबतो, त्यामुळे पावसाळ्यात स्टेशन सुधारले तर संशय खांबावर घ्यायला हरकत नाही. वीज कंपनीकडे अशी तक्रार करणे हा श्रोत्याचा हक्क आहे, आणि ती दुरुस्ती झाली तर वीजपुरवठाही सुधारतो. जबलपूर हे मध्य प्रदेशच्या वीज व्यवस्थेचे मुख्यालय आहे, शक्तिभवन इथलेच. या शहराकडून एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

बाजारात एफएम बूस्टर नावाने मिळणाऱ्या वस्तूंबद्दल स्पष्ट लिहायला हवे. मोबाइलच्या पाठीवर चिकटवायच्या चकचकीत पट्टीत पाव लहरीची लांबीही नसते आणि जोडणीही नसते. ती काहीही करत नाही. वीज खाणारा खरा प्रवर्धक वेगळा, पण तोही तारेनंतर येतो, म्हणून तारेने जे गोळा केले त्याला, खड्यांसकट धान्याला, तो मोठ्या मापाने मोजतो. छोट्या यंत्रांतल्या एफएम चिप आजच पुरेशा संवेदनशील आहेत. एनएक्सपीच्या किंवा सिलिकॉन लॅब्जच्या प्रचलित चिपला दोन मायक्रोव्होल्टच्या आसपासचा संकेत पुरतो. त्यामुळे महाग यंत्र घेतल्याने स्टेशन आपोआप नीट लागेल ही समजूत टिकत नाही. दोन यंत्रांतला फरक बहुतेक वेळा अँटेनाची जोडणी आणि आतल्या गोंगाटाची बंदिस्ती यांचा असतो. शहरात मनोऱ्याजवळ प्रवर्धक उलट हानी करतो. दोन जोरदार केंद्रे एकाच वेळी यंत्रात घुसली की ती आपसात मिसळून नसलेल्या जागी भुते निर्माण करतात. ९८.३ ची दुप्पट करून ९४.३ वजा केले तर १०२.३ येते, उलट केले तर ९०.३. या जागांवर दोन्ही केंद्रांचा गोंधळलेला आवाज ऐकू आला आणि तार गुंडाळल्यावर तो नाहीसा झाला, तर समजावे की इथे संकेत कमी नसून जास्त आहे. तार आखूड करणे हा तिथला उपाय, आणि एखाद्या यंत्रात ‘लोकल’ आणि ‘डीएक्स’ असा स्विच असेल तर तो लोकलवर ठेवावा.

यंत्राच्या मांडणीतल्या दोन गोष्टी फुकटात मिळतात आणि तरी सुटून जातात. पहिली स्टिरिओची. एफएम स्टिरिओत डाव्या-उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर पाठवला जातो, आणि एफएमचा गोंगाट वारंवारतेबरोबर वाढत जातो, म्हणजे हा फरक सर्वांत गोंगाटी भागात बसलेला असतो. मघाच्या आकड्यांतही किमान मर्यादेतला मोनो-स्टिरिओचा फरक चौदा डेसिबलचा, म्हणजे पंचवीसपटीचा आहे. यंत्रात मोनोची सोय असेल तर ती निवडणे हा एकाच कळीत मिळणारा सर्वांत मोठा लाभ आहे. बातम्या, मुलाखती, आकाशवाणीवरची जुनी गाणी, यांत मोनोने काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट प्रदेशाची. बाहेरून आलेल्या प्लेअरमध्ये प्रदेश ‘यूएसए’ ठरवलेला असतो. अमेरिकेत केंद्रे दशांश चिन्हानंतरच्या विषम आकड्यांवरच असतात, म्हणून यंत्र ०.२ च्या उड्या मारते. ९४.३ आणि ९८.३ सापडतात, पण नागपूरच्या विविध भारतीचा १००.६ हा आकडा त्या उड्यांत येतच नाही; प्रवासात यंत्र तो ओलांडून जाते आणि माणूस म्हणतो, केंद्र बंद पडले. ‘जपान’ ठेवले तर पट्टाच खाली सरकतो. ‘युरोप’ किंवा ‘भारत’ निवडले की ०.१ ची पायरी मिळते, शिवाय उच्च स्वर उचलून-दाबण्याचे जे प्रमाण इथले प्रसारक वापरतात तेच यंत्रही वापरते आणि आवाज बोथट होत नाही.

हे सारे केल्यावरही एक मर्यादा उरते, आणि जबलपूरच्या मराठी घरांना ती थेट लागते. १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झाले आणि ५८५ किलोहर्ट्झवर मध्यम लहरींवरून त्याचा मराठी आवाज दूरवर पसरला. त्या लहरीची लांबी पाचशे मीटरहून जास्त. ती सातपुड्याच्या घाटांना वळसा घालते, जमिनीच्या अंगाने सरकते आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरते. जबलपूर आणि नागपूर यांत सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर अंतर आहे आणि त्या रेषेवर सिवनीचे पठार दोन्ही शहरांपेक्षा उंच उभे आहे. नागपूरचे एफएम इथल्या खिशात येणार नाही. हिवाळ्यातल्या थंड, स्तब्ध पहाटे हवेच्या थरांत लहर अडकून क्वचित लांबचे केंद्र काही मिनिटे ऐकू येते, पण त्यावर कोणी दिवस बेतू शकत नाही. छोट्या यंत्रांतून मध्यम लहरी वगळल्या गेल्या तेव्हा इथल्या मराठी श्रोत्याने नागपूर गमावले, आणि ही हानी कोणत्याही तारेने भरून येत नाही. प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एआयआर या ॲपवर नागपूर केंद्र ऐकता येते. त्या गरजेला इंटरनेट हेच योग्य उत्तर आहे, आणि ते मान्य करताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

मग सगळेच इंटरनेटवरून का ऐकू नये, हा सर्वांत वजनदार आक्षेप. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम बंद केले, ही गोष्टही त्याच्या बाजूने सांगितली जाते. पण नॉर्वेने एफएमच्या जागी डिजिटल प्रसारण उभारले. तेही प्रसारणच आहे, एका मनोऱ्यावरून सर्वांना एकाच वेळी मिळणारे. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह लागतो, डेटा लागतो, मोबाइलचा मनोरा जिवंत आणि मोकळा असावा लागतो, बॅटरीही लवकर संपते. जबलपूरला हा फरक कळायला हवा. २२ मे १९९७ च्या पहाटे सुमारे सहा तीव्रतेच्या भूकंपाने जबलपूर आणि मंडला हादरले, चाळीसच्या आसपास माणसे गेली, हजारो घरे पडली. नर्मदेच्या खोऱ्यातला भूगर्भ तशी वेळ पुन्हा आणणार नाही असे आश्वासन कोणी दिलेले नाही. अशा तासांत एकाच वेळी सगळे शहर मोबाइलकडे धावते आणि जाळे तुंबते. रेडिओच्या श्रोत्यांची संख्या कितीही वाढली तरी प्रक्षेपकावर त्याचा भार पडत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्याच त्यांना जशाच्या तशा देता येतात. म्हणून अशा वेळी आकाशवाणीचे स्थानिक केंद्र आपल्या घरात कुठे उभे राहून स्वच्छ लागते हे प्रत्येक कुटुंबाने शांत दिवशीच पाहून ठेवावे. एक सावधगिरी मात्र हवी. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेश देशात वरच्या क्रमांकांवर असतो. गच्चीवर किंवा बाहेर नेलेली तार ढग गडगडू लागताच काढून ठेवावी, आणि पावसाळाभर ती खिडकीच्या आतच ठेवावी.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना सूचना दिली की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद ठेवू नये आणि जिथे नाही तिथे द्यावी. आपत्तीतला संपर्क हे त्यामागचे एक कारण होते. सूचना चांगली आहे, पण ती चिपपाशी थांबते. जॅक काढून टाकलेल्या फोनमध्ये एफएम चालू केले तरी तार लावायची कुठे? टाइप-सी छिद्रातून अँटेनाची जोडणी देता येते, काही उत्पादक ती देतात, काही देत नाहीत, आणि खोक्यावर याबद्दल एक ओळही नसते. चिपची संवेदनशीलता प्रयोगशाळेत थेट तार जोडून मोजली जाते, श्रोता मात्र इअरफोन लावून ऐकतो. फोनसोबतच्या किंवा साध्या बाजारी इअरफोनने, हातात धरून, किती तीव्रतेवर मोनो स्वच्छ येतो, हे मोजणे अवघड नाही. जबलपुरात लष्कराच्या सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे, रिज रोडवर दूरसंचाराची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे, १९४७ चे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, डुमन्याला ट्रिपल आयटी आहे. बाजारातले वीस-पंचवीस फोन घेऊन गढा, सदर, अधारताल, ग्वारीघाट आणि बरगी इथे तळमजल्यावर व गच्चीवर अशी मोजणी करणे हा विद्यार्थ्यांच्या एका सत्राचा प्रकल्प आहे, आणि त्याचे निकाल हिंदीत व मराठीत छापून दुकानांत लावले तर ग्राहक फोन घेताना कॅमेऱ्याबरोबर रेडिओबद्दलही विचारू लागेल.